फुगणारं सिमेंट आणि त्याला अडवणारी सळई

इंदूरमध्ये बांधकामाच्या गोष्टी चालल्या असताना ‘फुगणं’ हा शब्द निघाला की जुनी माणसं दचकतात. माळव्याची काळी माती पावसात फुगते, वैशाखात फाटते, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या भिंती जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरक्या तडकतात. सुदामा नगरातल्या आमच्या घराच्या ओट्याला असाच एक तडा आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून तो दर पावसाळ्यात मिटतो आणि होळीनंतर पुन्हा उघडतो. त्यामुळे मी आत्याला सांगितलं, की सध्या वर्गात फुगणाऱ्या सिमेंटचं काँक्रीट शिकवतोय आणि ते विमानतळावर वापरता येतं, तेव्हा ती म्हणाली, “अरे, माती फुगते म्हणून तर आपण इतकी वर्षं रडतोय. आता सिमेंटही फुगवणार?”

प्रश्न रास्त होता, आणि एका वाक्यात उत्तर देण्यासारखा नव्हता. म्हणून तिला जसं समजावलं, तसंच इथे लिहितो.

सुरुवात फुगण्यापासून करून चालत नाही, आकसण्यापासून करावी लागते. काँक्रीट कालवताना जेवढं पाणी घालतो, तेवढं सगळं सिमेंटच्या रासायनिक क्रियेत खर्च होत नाही. उरलेलं पाणी आतल्या अतिसूक्ष्म छिद्रांत बसून राहतं आणि महिनोन्‌महिने हळूहळू उडत राहतं. ते जाताना छिद्रांच्या भिंती आत ओढल्या जातात आणि अख्खा स्लॅब किंचित लहान होतो. किती लहान? काँक्रीटच्या कामासाठीच्या आपल्या भारतीय मानक ४५६ मध्ये, चाचणीचे आकडे हाताशी नसतील तर ०.०००३ धरा, असं सांगितलं आहे. म्हणजे दहा हजार भागांत तीन भाग. ६ मीटर लांबीच्या स्लॅबमध्ये ते होतात १.८ मिलिमीटर, एखाद्या नाण्याच्या जाडीएवढे. आपल्याकडच्या उन्हाळ्यासारखी कोरडी हवा आणि मिश्रणात जास्तीचं पाणी असेल, तर याच्या दुपटीपर्यंतही मजल जाते.

नाण्याएवढं आकसलं म्हणून काय बिघडलं? स्लॅब मोकळा असता तर काहीच नाही. पण तो मोकळा नसतो. खालच्या थराचं घर्षण त्याला धरून ठेवतं, शेजारचा स्लॅब धरून ठेवतो. त्याला लहान व्हायचं असतं आणि होऊ दिलं जात नाही, म्हणजेच तो ताणला जातो. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण ताण फार थोडा. दहा हजारांत एक ते दीड भाग इतकंच ते ताणलं जाऊ शकतं. आकसायचे तीन, सोसायचे दीड. हळूहळू येणाऱ्या ताणाला काँक्रीट थोडं जुळवून घेतं हे खरं, तरी हा हिशेब बसत नाही आणि भेग पडते.

दुसरी गोष्ट पापड वाळवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर घातलेल्या पापडाची वरची बाजू आधी वाळते, खालची ओली राहते, आणि तासाभरात कडा वर वळतात. काँक्रीटच्या स्लॅबचंही हेच होतं. वरून ऊन आणि वारा, खालून ओल. कोपरे केसभर उचलले जातात आणि त्यांच्याखाली पोकळी राहते. पापड वळला तर कोणाचं काही बिघडत नाही. पण स्लॅबच्या अधांतरी कोपऱ्यावरून विमानाचं चाक जातं तेव्हा तो कोपरा तुटतो.

आता विमानतळावर येऊ. बिजासनच्या टेकडीवर उभं राहिलं की आपला देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ समोर दिसतो. सुमारे पावणेतीन किलोमीटरची धावपट्टी बघायला लोक तिथे जातातच. पण माझी नजर असते ती विमानं उभी राहतात त्या जागेवर, म्हणजे एप्रनवर. आपल्याकडच्या बहुतेक विमानतळांवर धावपट्टी डांबरी असते आणि एप्रन काँक्रीटचं, त्याला कारणं आहेत. विमान तिथे तासन्‌तास एकाच जागी उभं असतं, आणि मेच्या उन्हात मऊ झालेलं डांबर त्या चाकांखाली दबतं. विमानाचं इंधन सांडलं तर ते डांबर विरघळवतं. ए-३२० जातीचं विमान पूर्ण भरलेलं असताना सुमारे ७८ टनांचं असतं आणि त्यातला बहुतेक भार मागच्या चार चाकांवर येतो, प्रत्येकी अठरा टनांच्या आसपास. त्या टायरमधली हवा २०० पीएसआयच्या घरात असते. आपल्या गाडीत ३२-३३ भरतो.

एवढा भार सोसणारं काँक्रीट जाडजूड असतं, पण ते अखंड टाकत नाहीत. भेग पडणारच आहे हे मान्य करून ती कुठे पडावी, हे अभियंता आधी ठरवतो. दर साडेचार ते सहा मीटरवर करवतीनं खाच मारायची, स्लॅबच्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत खोल, आणि तीही काँक्रीट टाकल्यानंतर काही तासांतच, त्यानं स्वतःहून फाटायला सुरुवात करण्याआधी. मग भेग त्या खाचेखाली गुपचूप सरळ रेषेत पडते. वरून तिच्यात सीलंट, म्हणजे पाणी अडवणारा लवचीक मसाला, भरतात. विमानाच्या खिडकीतून एप्रनवर ज्या चौकटी दिसतात, त्या रेषा म्हणजे ठरवून पाडलेल्या भेगाच.

उपाय चांगला आहे, शंभर वर्षं चाललेला आहे, आणि तरी दुखणं नेमकं या सांध्यांतच असतं. हॅरल्ड वेस्टरगार्ड या अभियंत्यानं १९२६ मध्येच गणितानं दाखवून दिलं होतं, की तोच भार स्लॅबच्या मधोमध ठेवला तर होणारा त्रास वेगळा आणि कडेवर किंवा कोपऱ्यावर ठेवला तर होणारा वेगळा. कडेला काँक्रीट कितीतरी जास्त वाकतं. सांधा म्हणजे कडा. जेवढे सांधे, तेवढ्या कडा, तेवढे कोपरे. त्यात सीलंट काही वर्षांत कडक होऊन सुटतं, आणि मग पाणी आत शिरतं. आपल्या मातीवर हे फार महागात पडतं. एप्रनखालची काळी माती काढून मुरूम भरलेला असतो, किंवा ती चुन्यानं बांधलेली असते, तरी खाली कुठेतरी ती असतेच. सांध्यातून झिरपलेलं पाणी खालचा थर मऊ करतं. चाक आलं की स्लॅब दबतो आणि गढूळ पाणी सांध्यातून वर उसळतं. प्रत्येक उसळीबरोबर थोडा बारीक गाळ बाहेर येतो आणि तेवढी पोकळी आत राहते.

सांध्याच्या ओठांचे टवके उडतात, ते तर आणखी धोक्याचे. रस्त्यावर खपली निघाली तर गाडी आदळते. विमानतळावर सुपारीएवढा तुकडा जेट इंजिनात ओढला गेला तर इंजिनाची पाती मोडू शकतात, टायर कापला जाऊ शकतो. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान कोसळून ११३ माणसं गेली. त्याचं टायर फाटलं होतं ते धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीमुळे, दुसऱ्या विमानातून निखळलेल्या. तिथे काँक्रीटचा काही संबंध नव्हता. पण धावपट्टीवरची एक छोटीशी वस्तू काय करू शकते, हे त्या दिवशी जगानं पाहिलं. विमानतळाची माणसं रोज फिरून खडे वेचतात ते यासाठी.

तेव्हा मूळ प्रश्न असा: सांधे कमी कसे करायचे? आणि सांधे मुख्यतः आकसण्यासाठी आहेत, तर त्या आकसण्याचंच काही करता येईल का?

इथे फुगणारं सिमेंट येतं. त्याचं शास्त्रीय पात्र आहे एट्रिंगाइट नावाचं स्फटिक. जर्मनीतल्या एट्रिंगेन गावाजवळ हे खनिज सापडलं, म्हणून हे नाव. अॅल्युमिना, चुना आणि जिप्समचं सल्फेट एकत्र आलं आणि भरपूर पाणी मिळालं की सुईसारखे बारीक स्फटिक वाढू लागतात. भरपूर म्हणजे किती, तर त्याच्या रासायनिक सूत्रात पाण्याचे ३२ रेणू बांधलेले असतात. घट्ट होऊ लागलेल्या काँक्रीटमध्ये या सुया वाढल्या की त्या आजूबाजूला रेटतात आणि सगळं काँक्रीट थोडं फुगतं.

गंमत वाटेल, पण हेच स्फटिक आधी बदनाम होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रकाठच्या आणि सल्फेट असलेल्या मातीतल्या बांधकामांत ते वर्षांनंतर उगवायचं आणि कडक झालेलं काँक्रीट आतून फोडायचं. तेव्हा युरोपात त्याला सिमेंटचा जंतूच म्हणत. पुढे फ्रान्समध्ये हेन्री लॉसिए यांनी, सोव्हिएत संघात मिखाइलॉव्ह यांनी, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात अलेक्झांडर क्लाइन यांनी हाच प्रश्न उलटा करून पाहिला: हे फुगणं पहिल्या काही दिवसांतच, मोजून मापून घडवून आणलं तर? क्लाइन यांनी चुनखडी, बॉक्साइट आणि जिप्सम भाजून जे संयुग वापरलं, त्यावर उभं राहिलेलं सिमेंट आज ‘टाइप के’ म्हणून ओळखलं जातं. साध्या सिमेंटमध्ये असा फुगवणारा घटक साधारण १० ते १५ टक्के मिसळूनही काम होतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं नौदलाच्या पोर्ट ह्युनीम इथल्या प्रयोगशाळेकडून हे काँक्रीट विमानतळाला चालेल का, याचा अभ्यास करून घेतला होता.

आत्याचा प्रश्न मात्र अजून बाकी आहे. फुगवलं म्हणजे भेग कशी टळली? फुगून पुन्हा आकसलं, तर शेवटी ताण येणारच की.

गादीवाल्याकडे पाहा. पिंजलेला कापूस नुसता जमिनीवर पसरला तर तो हवा तसा पसरतो, त्यात काही दम नसतो. तोच कापूस खोळीत ठासून भरला, की खोळ ताणली जाते आणि कापूस आतून दाबला जातो. पुढे वापरून वापरून कापूस बसतो, पण आधी ठासलेला असल्यामुळे खोळ लगेच ढिली पडत नाही. काँक्रीटमध्ये खोळीचं काम लोखंडी सळया करतात. काँक्रीट फुगू पाहतं, सळयांना चिकटलेलं असल्यामुळे त्यांनाही ओढतं, सळया ताणल्या जातात आणि उलट काँक्रीटला दाबून धरतात. म्हणजे स्लॅब कडक होता होताच थोड्या दाबाखाली येतो. नंतर महिनोन्‌महिने तो सुकतो, आकसतो, तेव्हा आधी तो दाब खर्च होतो. सगळा दाब संपेपर्यंत ताणाची पाळी येत नाही, आणि आली तरी इतकी थोडी की काँक्रीट ती सोसतं.

आकसणं थांबलेलं नाही, हे नीट लक्षात घ्यावं. पुढे द्यायची किंमत आगाऊ भरून ठेवली आहे, इतकंच.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रयोगशाळेत त्याची एक साधी चाचणी होते, आणि मला ती दाखवायला फार आवडते. ७५ मिलिमीटर चौरस आणि २५० मिलिमीटर लांब असा काँक्रीटचा ठोकळा, त्याच्या मधोमध आटे पाडलेली एक सळई आणि दोन्ही टोकांना नटांनी आवळलेल्या लोखंडी पट्ट्या. साच्यातून काढल्याबरोबर त्याची लांबी मोजायची आणि पाण्यात ठेवायचा. रोज बाहेर काढून पुसायचा, चौकटीत उभा करायचा आणि वरच्या डायलचा काटा वाचायचा. डायलची एक रेघ म्हणजे ०.००२ मिलिमीटर. पहिल्या दिवशी मुलं काट्याकडे बघून खांदे उडवतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा तीस-चाळीस रेघा पुढे गेलेला असतो आणि वर्गात शांतता पसरते, कारण ठोकळ्याला भेग नाही, काही नाही, हाताला तो पूर्वीसारखाच दगड लागतो. सातव्या दिवशी साठ-बासष्ट रेघा म्हणजे पाव मीटरमागे सव्वाशे हजारांश मिलिमीटर, दहा हजारांत पाच भाग. मोजणी हवी तितकी आली. मग एक ठोकळा सळईशिवाय केलेला दाखवतो. तो जास्त फुगलेला असतो आणि हातोडीच्या ठोक्यानं लवकर फुटतो. फुगण्याला अटकाव नसेल तर ते फुगणं काँक्रीटला कमजोरच करतं. खोळीशिवायचा कापूस.

आकडा कागदावर मांडला तर आणखी स्पष्ट होतं. दहा हजारांत पाच भाग ताणलेल्या लोखंडात दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन ताण येतो. १२ मिलिमीटरची सळई घेतली तर तिच्यात साधारण सव्वाअकरा हजार न्यूटन, म्हणजे टनाहून जरा जास्त ओढ. कोणी जॅक लावला नाही, कोणी दोर ओढला नाही. सुईएवढ्याही नसलेल्या स्फटिकांनी ती सळई टनभर ओढली. १९४० च्या दशकात फ्रेंच अभियंते फ्रेसिने यांनी पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर पूर्वताणित धावपट्टी केली, तीही काँक्रीट आधीच दाबून ठेवायच्या याच विचारातून. इथे ते दाबणं कितीतरी सौम्य आहे आणि ते रसायनाकडून होतं.

सळई किती घालायची, हेही ठरलेलं आहे. या काँक्रीटसाठी अमेरिकन मार्गदर्शनात स्लॅबच्या छेदाच्या किमान ०.१५ टक्के लोखंड सांगतात. ४०० मिलिमीटर जाड एप्रनसाठी ते १२ मिलिमीटरच्या सळया सुमारे १९० मिलिमीटर अंतरावर, दोन्ही दिशांनी, असं बसतं. जाळी तळाशी नसते, वरच्या भागात, वरून साधारण एक तृतीयांश खोलीवर असते, कारण सुकणं आणि आकसणं वरून जास्त होतं. तळाशी ठेवली तर खालचा भाग दाबला जाईल, वरचा मोकळा फुगेल, आणि पापड उलटा वळेल. नेहमीच्या एप्रन स्लॅबमध्ये जाळी नसतेच, म्हणून हा खर्च वाढीव. जाळीऐवजी पोलादी तंतू मिसळायचे प्रयोगही झालेले आहेत.

मिळकत किती? ९० मीटर लांब-रुंद एप्रन घेऊ. ६ मीटरच्या चौकटी केल्या तर आत २८ सांधे, एकूण अडीच किलोमीटरहून जास्त लांबीचे. फुगणाऱ्या काँक्रीटच्या ३० मीटरच्या चौकटी केल्या तर चारच सांधे, ३६० मीटर. सीलंट भरायची, तपासायची, बदलायची लांबी सातव्या हिश्शावर आली, आणि चाकाखाली येणारे कोपरे तर त्याहून कमी झाले.

हे ऐकून कोणालाही वाटेल की मग सगळीकडे हेच का नाही. कारण हे काँक्रीट हलगर्जीपणा अजिबात खपवून घेत नाही. पहिली गोष्ट पाणी. आमच्याकडचे मिस्त्री ज्याला तराई म्हणतात, ती साध्या काँक्रीटलाही हवी असते, पण इथे पाणी म्हणजे एट्रिंगाइटचं अन्न आहे. पहिले सात दिवस पृष्ठभाग सतत ओला हवा, आळी बांधून पाणी भरून किंवा ओल्या गोणपाटाखाली. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून भागत नाही. पाणी तुटलं की फुगणं अर्धवट राहतं, आकसणं मात्र पूर्ण होतं, आणि महागाचं सिमेंट घेऊन साध्याइतक्याच भेगा पदरात पडतात. माझ्या स्वतःच्या गच्चीचा कोबा एका कंत्राटदारानं मे महिन्यात टाकला, दोन दिवस पाणी मारलं आणि तिसऱ्या दिवशी माणूसच पाठवला नाही. मी गावाला गेलो होतो. परत आलो तेव्हा कोब्यावर काळ्या शेतासारखी भेगांची जाळी उमटलेली होती. ते साधं सिमेंट होतं. यात तर त्याहून वाईट झालं असतं.

दुसरी गोष्ट हवा. फुगण्याची क्रिया पहिल्या दिवसापासून पुढे घडते. काँक्रीट टाकल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार तासांत, ते अजून मऊ असताना, गरम वाऱ्यानं वरचं पाणी ओढून घेतलं तर ज्या भेगा पडतात, त्यांच्यावर या सिमेंटचा काही इलाज नाही. उलट हे काँक्रीट उन्हात नेहमीच्यापेक्षा लवकर घट्ट होतं, त्यामुळे वाहतुकीचा आणि पसरवण्याचा वेळ कमी मिळतो. माझं मत विचाराल तर आपल्याकडे हे काम एप्रिल-मेमध्ये दिवसा करूच नये. दिवाळीनंतरचे महिने, किंवा मग रात्रीची पाळी आणि मिश्रणात बर्फ.

तिसरी गोष्ट स्लॅब टाकण्याचा क्रम, आणि इथे अनुभवी माणसंही फसतात. साध्या कामात बुद्धिबळाच्या पटासारखं एक सोडून एक चौकट भरतात आणि मग मधल्या भरतात. फुगणाऱ्या काँक्रीटची मधली चौकट चारही बाजूंनी कडक स्लॅबांत अडकली तर ती फुगणार कुठे? सळई ताणली जाणारच नाही. शेजाऱ्यानं अडवलेलं फुगणं साठून राहत नाही. सळईनं अडवलेलंच कामाला येतं. म्हणून प्रत्येक नव्या चौकटीच्या निदान दोन लगतच्या कडा मोकळ्या असाव्या लागतात, आणि जिथे भिंत, चेंबर किंवा जुना स्लॅब येतो तिथे दबणारी पट्टी मध्ये घालावी लागते. जुन्या एप्रनमधला एकच फुटका स्लॅब काढून तिथे हे काँक्रीट भरायचा मोह म्हणूनच टाळावा.

आणि एक मर्यादा कोणत्याही रसायनानं न सुटणारी. काँक्रीट उन्हानं वाढतं, थंडीनं आटतं, दर अंशाला लाखात एक भाग. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरला, तर ३० मीटरच्या चौकटीत तो ९ मिलिमीटर होतो. सुकण्याचं आकसणं एकदाच होतं. हे दरवर्षी, थोडं थोडं दररोज होतं. सांधे कमी केले तर उरलेल्या प्रत्येक सांध्याला ही सगळी हालचाल एकट्यानं सोसावी लागते. तो जास्त उघडतो, दोन्हीकडची खडी एकमेकांत गुंतून राहत नाही आणि चाकाचा भार पलीकडे पोचवायला गुळगुळीत डॉवेल सळया लागतातच. बंदिस्त गोदामाच्या किंवा हँगरच्या जमिनीत ३० मीटर ठीक आहे. उघड्यावरच्या माळव्यातल्या एप्रनसाठी मी १८ मीटरवर थांबेन. तरीही ९० मीटरच्या चौकात सांध्यांची लांबी २,५२० वरून ७२० मीटरवर येते, आणि तेवढंही मला पुष्कळ वाटतं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “मग आपल्या ओट्याचा तडा याने भरायचा का?” नाही. ओट्याचा तडा काँक्रीट सुकल्यामुळे पडलेला नाही. खालची माती दर वर्षी त्याला उचलते आणि सोडते, आणि मातीच्या त्या जोरापुढे वरच्या स्लॅबमधला हा सौम्य दाब काहीच नाही. विमानतळावरही तेच: खालची काळी माती आणि तिच्यात जाणारं पाणी यांचा बंदोबस्त आधी, सिमेंट कोणतं हा प्रश्न नंतर. गच्चीच्या पन्हाळीचं पाणी गेली तीस वर्षं ओट्याच्या मुळाशीच पडतंय. मृग लागायच्या आत पाइप जोडून ते मी फाटकापलीकडच्या नाल्यात सोडणार आहे.